पांझरेचे पाट

धुळे जिल्ह्यातील पांझरा खोऱ्यात दगडी बंधाऱ्यांपासून निघणारे जुने कालवे. पांझरा साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावते, पूर्वेस धुळे शहराकडे वाहते आणि पुढे उत्तरेला वळून मुडावदजवळ तापीस मिळते. तिच्यावरील बंधाऱ्यांची परंपरा तीन-चारशे वर्षांची मानली जाते. गिरणा, मोसम व आरम या नद्यांवरही असे बंधारे आहेत.

फ्रान्समधील 1681 साली खुला झालेला कनाल दू मिदी हा कालवा नौकांसाठी खोदला गेला. पांझरेचे पाट शेतीसाठी आहेत, त्यामुळे जलविहाराची अपेक्षा ठेवून कोणी येऊ नये. येथे बांधावरून पायी चालायचे. बंधाऱ्याशी वळवलेले पाणी कोणत्याही यंत्राविना, केवळ उताराने, पाटातून चाऱ्यांत आणि चाऱ्यांतून शेतांत उतरते. पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली असते. एका फडात एकच पीक, मग जमीन कोणाचीही असो. उसाचा फड दरवर्षी पुढे सरकतो. पाण्याची बारी, म्हणजे पाळी, पाटकरी देतो, राखण जागल्या करतो, तंटा पंच मिटवतात आणि पाटातला गाळ शेतकरी स्वतः काढतात. पाटकऱ्याचा मोबदला पूर्वी धान्यात मिळे. असेच पाण्याचे तंटे मिटवणाऱ्या स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या पाणी-न्यायालयाला युनेस्कोने 2009 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. पांझरेकाठची व्यवस्था त्याच जातकुळीची, पण तिच्याकडे पर्यटक फिरकत नाहीत. वरच्या धरणांमुळे नदीचे वाहणे बदलले, विहिरी व मोटारी वाढल्या आणि बऱ्याच ठिकाणी फडाची शिस्त सैल झाली.

पाहण्यास पिंपळनेर-सामोडे परिसर सर्वांत सोयीचा. धुळ्याहून सुरत महामार्गाने कुसुंबा, नेर, साक्री असे जाऊन पुढे पिंपळनेरची वाट धरावी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात पाटात पाणी असेलच असे नाही. बंधाऱ्यापासून सुरुवात करून पाण्याच्या दिशेने चालावे, म्हणजे वाटणी आपोआप समजते. पाटकरी भेटल्यास त्याच्याकडून बारीचा हिशेब अहिराणीत ऐकावा; माहितीफलकाची उणीव भासत नाही. चारीचे तोंड मात्र कुतूहलापोटीही उघडू नये.

मोठा कालवा पाहायचा असल्यास जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातील जामदा येथे गिरणेवर ब्रिटिश काळातील बंधारा आहे. त्याच्या दोन्ही तीरांवरून कालवे निघतात. आता त्यांना वरच्या गिरणा धरणातून सोडलेले पाणी मिळते. बांधकाम भव्य असले, तरी तेथील वाटप सरकारी वेळापत्रकाचे; फडाची गंमत त्यात नाही.