वरातीतला सोलो : बेंजोचा मागोवा

लगीनसराईत राजूरपासून भंडारदऱ्याच्या शेंडीपर्यंत कुठेही वरातीशी गाठ पडली, तर ढोल-ताशावर चढणारा एक धारदार, थरथरता सूर ऐकू येतो. तो बेंजोचा. टेम्पोत जनरेटर, टपावर कर्णे, कडेला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड, आणि मध्ये बटणे लावलेली एक लांबट लाकडी पेटी. वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताची बोटे बटणांवर, उजव्या हातात नखी. गाणारा नसला तरी शब्दांची जागा हे वाद्य भरून काढते आणि वरात ते शब्द मनात म्हणत नाचते. विजेच्या तंतुवाद्यावर एकट्याने धून रंगवण्याला शहरात सोलो म्हणतात आणि ते काम इलेक्ट्रिक गिटारचे मानतात. आपल्या गावांत ते काम बेंजोने केले. वाजवणाऱ्यांतले कितीतरी जण ते कोणत्याही वर्गात न जाता, कानाने शिकले.

या वाद्याचा उगम जपानमध्ये आहे. गोरो मोरिता या नागोयाच्या वादकाने १९१२ साली, म्हणजे ताइशो काळाच्या पहिल्याच वर्षी, दोन तारांच्या जपानी वाद्याला टाइपरायटरसारखी बटणे बसवली. बटण दाबले की तार खालच्या धातूच्या पडद्यावर टेकते आणि नेमका सूर मिळतो. ‘ताइशोगोतो’ हे नाव काळावरूनच पडले. बटणांवर आकडे होते, त्यामुळे स्वरलिपी न येणाऱ्यालाही धून काढता येई. शिक्षकावाचून शिकण्याची सोय या वाद्यात जन्मापासूनच होती.

भारतात ते ‘बुलबुल तरंग’ झाले. आकडे जाऊन पेटीसारखी काळी-पांढरी रचना आली, आणि मुख्य तारांच्या जोडीला सतत षड्ज धरणाऱ्या तारा लागल्या. कव्वालीच्या पार्ट्यांनी ते उचलले. बलुचिस्तानात ‘बेंजू’ या नावाने ते लोकसंगीताचे मुख्य वाद्य बनले. महाराष्ट्रात नाव रुळले ते बेंजो. कातड्याने मढवलेल्या अमेरिकन बँजोशी त्याचे नाते नावापुरतेच.

वीज त्यात आली ती गिटारच्या वाटेने. अमेरिकेत जॉर्ज बोशांप यांच्या कल्पनेतून १९३२ च्या सुमारास रिकनबॅकर कंपनीची पहिली इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली. तिच्यातले तत्त्व साधे आहे. पोलादी तारेखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे ठेवायचे; तार थरथरली की वेटोळ्यात सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो आणि अ‍ॅम्प्लीफायर तो मोठा करतो. विशेष म्हणजे ती गिटारही हवाईयन पद्धतीची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती. आपल्याकडे व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांनी याच आडव्या गिटारवर चित्रपटगीतांच्या धून वाजवल्या आणि त्यांच्या तबकड्या घरोघर पोचल्या. शब्दांवाचून गाणे ऐकायची सवय त्या तबकड्यांनी लावली. बेंजोच्या ताराही पोलादाच्या. त्यालाही चुंबक-वेटोळ्याचा हा संच, म्हणजे पिकअप, बसला, गावोगाव अ‍ॅम्प्लीफायर भाड्याने मिळू लागले, आणि घरातले हे नाजूक वाद्य रस्त्यावर उतरले.

राजूर-भंडारदऱ्याच्या या मुलखात वाजंत्री म्हणजे पूर्वी सनई आणि संबळ. बोहाडा या उत्सवातली सोंगेही संबळाच्या ठेक्यावर नाचत आली. सनईच्या जोडीत एक जण धून वाजवतो आणि दुसरा अखंड सूर धरतो. बेंजोत ही दोन्ही कामे एकाच पेटीत आली. नाकाने श्वास घेत सनईची फुंक तुटू न देण्याची विद्या मात्र बेंजोत नाही. तिच्या जागी त्याला नवी विद्या घडवावी लागली.

कारण बेंजोच्या दोन अडचणी जन्मजात आहेत. पहिली, छेडलेला सूर लगेच विरतो. उपाय म्हणून नखी इतक्या वेगाने खालीवर चालवायची की वेगळे आघात मिळून एक लांब सूर तयार व्हावा. दुसरी, बटणांवर मींड नाही. गिटारवाला तार बोटाने खेचून सूर चढवतो. बेंजोवाल्याला शेजारची बटणे झरझर ओलांडून किंवा बटणावरचा दाब वाढवून सूर किंचित चढवून तो भास करावा लागतो.

याची परीक्षा ‘नागिन’ची धून घेते. १९५४ च्या त्या चित्रपटातली बीन खरी बीन नव्हतीच. हेमंतकुमार यांच्या संगीतात कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती, साथीला रवी यांची हार्मोनियम होती. म्हणजे गारुड्याच्या बीनची नक्कल क्लॅव्हिओलिनने केली आणि त्या नकलेची नक्कल बेंजो करतो. तरीही वरातीतला माणूस रुमाल तोंडात धरून जमिनीवर लोळतो, कारण वळसे घेणारा तो सूर बेंजोवाल्याने घोटून घोटून बोटांत उतरवलेला असतो.

घोटण्याची ही रीत इलेक्ट्रिक गिटार स्वतःच शिकणाऱ्या प्रत्येकाने पाहावी. गिटारचा नवा विद्यार्थी बहुधा वेगामागे लागतो. स्केल वर-खाली पळवतो, मेट्रोनोमचा आकडा वाढवत नेतो, आणि सोलोची वेळ आली की त्याची बोटे तेच साचे ओकतात. बेंजोवाला गाण्यापासून निघतो. आधी ओळ गुणगुणायची. मग एकेक अक्षर कोणत्या बटणावर येते ते शोधायचे. कुठे गायिका श्वास घेते, तिथे नखी थांबवायची. हरकती शेवटी. २०१६ चे ‘झिंगाट’ गावोगावच्या बेंजोवर चढले तेही याच क्रमाने. शब्द डोक्यात असल्याने सोलोला आपोआप वाक्ये मिळतात, विराम मिळतात. वेग नंतर येतो आणि तो वरातच देते. तासन्‌तास चालत्या मिरवणुकीत नाचणाऱ्यांचे पाय थांबू न देता वाजवणे, याहून कडक सराव खोलीत होत नाही.

२०१६ मध्येच रवी जाधव यांनी ‘बॅन्जो’ हा हिंदी चित्रपट काढला तेव्हा या वादकांकडे थोडे लक्ष गेले. आता डीजेच्या भिंतींनी त्यांच्या सुपाऱ्या खाल्ल्या आहेत. आवाजाचे नियम दोघांनाही सारखे, रात्री दहाची मर्यादा दोघांनाही. पण डीजेत बोटे झिजवणारा कोणी नाही. नागोयाच्या आकड्यांपासून वरातीच्या कर्ण्यापर्यंत या वाद्याने मोठा पल्ला गाठला, आणि त्यावर सोलोची अस्सल मराठी रीत घडली. ती आजवर फक्त कानातून कानात गेली आहे. जुन्या वादकांचे हात, त्यांची बोटांची ठेवण, नखीची चाल चित्रित करून ठेवायला आज एक मोबाइल पुरतो. हे काम गिटार वाजवणाऱ्या तरुणांनीच हाती घ्यावे, कारण त्यांना हवा असलेला शिक्षक त्यांच्याच तालुक्यात, टेम्पोत बसलेला आहे.