सूर्यमाळच्या महिलांचे हार्मोन आरोग्य: पाळीची नोंद, पोटभर अन्न आणि विश्रांती

सूर्यमाळ हे पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातले थंड हवेचे, उंचावरचे गाव. जव्हार-मोखाड्याच्या या डोंगरपट्ट्यात वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी अशा आदिवासी समाजांची वस्ती आहे. भात-नागलीची कापणी उरकली की दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. शहरात हार्मोनचा विषय निघाला की आपण वजन आणि जिमबद्दल बोलतो. इथे बहुतेकींचा प्रश्न उलटा आहे: कष्ट जास्त, अन्न कमी.

पाळी का लांबते?

मेंदूकडून मिळणाऱ्या संकेतांनुसार अंडाशय इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन तयार करतात. खाणे अपुरे आणि श्रम अति झाले की हे संकेत मंदावतात. पाळी लांबते, कधी बंदच पडते. "बरं झालं, कटकट गेली" असे समजू नये. इस्ट्रोजेन फार काळ कमी राहिले तर हाडे कमजोर होतात.

नोंद कशी ठेवावी?

पाळी आली की पहिल्या दिवसावर कॅलेंडरमध्ये खूण करा. दोन खुणांमधले अंतर साधारण 21 ते 35 दिवस असावे. वयात आलेल्या मुलींमध्ये सुरुवातीला ते 45 दिवसांपर्यंत जाऊ शकते. रमजानमध्ये सुटलेले रोजे नंतर पूर्ण करायचे म्हणून आपल्या घरातल्या बायका हे दिवस मोजतातच. तीच सवय वर्षभर ठेवायची. लिहिता येत नसेल तर भिंतीवर कोळशाची रेघही चालते. कामासाठी गाव सोडताना मात्र नोंद सोबत न्यावी.

ताटात काय हवे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनुसार प्रौढ स्त्रीला रोज 29 मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला 19. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांना ॲनिमिया आढळला. नागलीत कॅल्शियम भरपूर असते. तिच्यासोबत डाळ, शेवग्याचा पाला, अंडी, सुकी मासळी घ्यावी. लिंबू किंवा आवळ्यामुळे लोह चांगले शोषले जाते. जेवणाबरोबरचा चहा ते अडवतो, म्हणून चहा तासाभराने प्यावा. लोहाच्या गोळ्यांसाठी आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा. गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर सिकलसेलची तपासणी करून घ्या.

व्यायाम कोणाला?

जव्हार किंवा मुंब्र्यात घरात बसून काम करणाऱ्या बहिणींनी आठवड्यात 150 मिनिटे भरभर चालावे. डोक्यावर पाणी आणि मोळी वाहणाऱ्या बाईला मात्र आणखी व्यायाम सांगू नये. तिला पोटभर जेवण आणि पुरेशी झोप हवी.

डॉक्टरांकडे कधी जावे?

तीन महिने पाळी आली नाही, रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालला, दर तासाला कपडा भिजू लागला किंवा 15 वर्षांपर्यंत पाळी सुरूच झाली नाही, तर थांबू नका. पाळी चुकल्यास आधी गरोदरपणाची तपासणी करावी.

गरोदर आणि स्तनदा मातांसाठी आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून एकवेळचे जेवण मिळते. पण मुलीचे पोषण त्याच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवे. आम्ही एवढेच सांगू: घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी उरलेले खात असेल, तर आज रात्रीपासून तिचे ताट सगळ्यांबरोबर वाढा.