प्रवास, निसर्ग आणि योगस्थान : मोहोळ परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

प्रवासात एखाद्या तळ्याकाठी किंवा झाडीत पहाटे भरणारा योगवर्ग हा आज पर्यटनाचा परिचित भाग झाला आहे. अशा वर्गाचे वर्णन 'प्राचीन ऋषींची पद्धती' असे सहज केले जाते. हे वर्णन इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, याचा विचार प्रस्तुत लेखात मोहोळ परिसराच्या संदर्भात केला आहे.

ग्रंथांतील योगस्थान

पंधराव्या शतकातील स्वात्मारामकृत 'हठप्रदीपिका' योगाभ्यासासाठी उघडे माळरान सांगत नाही. लहान दाराची, खिडक्या वा छिद्रे नसलेली, शेणाने सारवलेली, कीटकरहित कुटी तीत अपेक्षित आहे. बाहेर मंडप, विहीर आणि भोवती कुंपणाची भिंत असावी, असेही म्हटले आहे. याच ग्रंथात गोरक्षनाथांचे म्हणून एक वचन दिलेले आहे. त्यात आरंभीच्या साधकाने टाळावयाच्या गोष्टींत वाटचाल, प्रातःस्नान व उपवास यांचा समावेश होतो. पुढे ब्रह्मानंदांनी 'ज्योत्स्ना' टीकेत शरीरक्लेशाचे उदाहरण म्हणून अतिरिक्त सूर्यनमस्कारांचाही उल्लेख केला. तात्पर्य, आजच्या सहलीतील योगवर्गाची प्रवास आणि सूर्यनमस्कार ही दोन ठळक अंगे या परंपरेने नवशिक्याच्या बाबतीत सावधपणेच पाहिली आहेत.

याहून वेगळे चित्र मराठीत त्याआधीच उमटले होते. शके 1212 (इ. स. 1290) मधील ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगस्थानाचे विस्तृत निसर्गवर्णन आहे. दाट वृक्ष, निर्मळ पाणी, मंद वारा आणि अधूनमधून येणारे पक्षी त्यात आहेत. मात्र तेथे लोकांची वर्दळ नको, अशी अट आहे. आसनासाठी एकांतातील मठ अथवा शिवालय सुचविले आहे. विशेष म्हणजे या वर्णनात वाटसरूही येतो. सहज जाताजाता तेथे पोहोचलेला, मनात इच्छा बाळगणारा माणूसही परत फिरणे विसरतो, असे ज्ञानदेव सांगतात. निसर्ग येथे शोभेसाठी येत नाही. चित्ताची धाव थांबविणे हे त्याचे कार्य आहे.

मोहोळ परिसराचा वारसा

मोहोळ हे सोलापूर-पुणे मार्गावरील तालुक्याचे गाव असून पंढरपूरकडे जाणारा रस्ता येथून निघतो. मोहोळ आणि जवळचे वडवळ ही नागनाथाची स्थाने होत. नाथपरंपरेशी नाते सांगणाऱ्या नागेश संप्रदायात हेग्रस आणि आलमखान यांची नावे घेतली जातात. सोलापूर येथील बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धराम यांचे स्मरण तलावाच्या निर्मितीशी जोडलेले आहे. कमी पावसाच्या या प्रदेशात पाणी व सावली निर्माण करणे हेही योग्याचे कार्य मानले गेले, हे लक्षणीय आहे.

येथे एक विसंगती भासते. नवशिक्यास वाटचाल वर्ज्य करणारे वचन ज्यांच्या नावावर आहे, त्याच गोरक्षनाथांचे अनुयायी भ्रमंतीसाठी प्रसिद्ध आहेत. परंतु साधकाने आधी स्थिर व्हावे आणि सिद्धाने मग फिरावे, असा क्रम मानल्यास ही विसंगती उरत नाही.

कुटीतून मैदानात

योग गुप्त कुटीतून समूहात आणण्याचे बरेच श्रेय विसाव्या शतकातील महाराष्ट्रास जाते. योगेंद्र यांनी 1918 मध्ये मुंबईतील वर्सोवा येथे योगसंस्था सुरू केली. स्वामी कुवलयानंद यांनी 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि 'यौगिक संघ व्यायाम' या पुस्तकाद्वारे सामूहिक शिक्षणाची पद्धत मांडली. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार रुजविले. 1938 मध्ये त्यांचे याविषयीचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. आजच्या सोलापूर जिल्ह्याच्या सीमेलगतचे आटपाडी हे त्यांच्याच संस्थानात होते. रांगेत उभे राहून, एका सुरातील आज्ञेवर केलेला अभ्यास ही या व्यायामचळवळीची देणगी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 11 डिसेंबर 2014 च्या ठरावानंतर 21 जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन ठरला आणि 2015 पासून हे मैदानी रूप जगभर पोहोचले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रवासातील निसर्गसान्निध्यातील योगवर्ग हा दोन वारशांचा संगम आहे. त्याचे स्थळ ज्ञानेश्वरीतील योगस्थानाची आठवण देते, तर त्याची रचना विसाव्या शतकातील मैदानाची आहे. त्यास प्राचीन म्हटल्याने कुवलयानंद व भवानराव यांचे कर्तृत्व झाकले जाते; केवळ आधुनिक म्हटल्याने ज्ञानदेवांनी घातलेली निवांतपणाची अट विसरली जाते. ही दुसरी विस्मृती अधिक हानिकारक आहे. मंदिराच्या आवारात ध्वनिवर्धक लावून किंवा माळढोकासारख्या पक्ष्यांच्या गवताळ माळावर गर्दी करून भरविलेला वर्ग त्या स्थळाचे स्थळपणच नष्ट करतो. मोहोळसारख्या तीर्थमार्गावरील गावी असे वर्ग अवश्य व्हावेत. मात्र ते लहान असावेत, ऊन चढण्यापूर्वी संपावेत आणि तेथील शांततेस धक्का लावू नये. योगस्थानाची खरी कसोटी ज्ञानदेवांनी वाटसरूच्या ठायी ठेवली आहे : तेथे आलेल्याचा पाय क्षणभर तरी अडखळला पाहिजे.