कॉक्लिअर इम्प्लांट : आवाज ऐकू आला, पण बोलणं समजतं का?

कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालं की मूल लगेच ऐकू-बोलू लागेल, असा अनेक घरांत समज असतो. प्रत्यक्षात ऑपरेशनमुळे आवाज मिळतो. त्या आवाजातून शब्द समजायला वेळ, सराव आणि घरच्यांची मेहनत लागते. त्यामुळे खर्चाची जुळवाजुळव करतानाच पुढच्या कामाचीही माहिती घेतलेली बरी.

यंत्र काय करतं?

साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानात सोडतं. आतल्या कानातल्या केसपेशीच निकामी असतील तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. इम्प्लांट या पेशींना वगळून श्रवणाच्या नसेला थेट विजेचे सूक्ष्म संकेत देतं. कानामागचा प्रोसेसर आवाज टिपतो. डोक्यावर चुंबकाने चिकटलेली चकती तो संकेत कातडीखालच्या भागाकडे पाठवते. तिथून तो कॉक्लिआत, म्हणजे गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत बसवलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत जातो.

ऑस्ट्रेलियात मेलबर्न इथे डॉ. ग्रॅमी क्लार्क यांनी १९७८ मध्ये अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट बसवलं. आजच्या यंत्रांत कंपनीनुसार साधारण १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात. निरोगी कानात हेच काम साडेतीन हजारांच्या आसपास केसपेशी करतात. म्हणून हा आवाज नैसर्गिक आवाजासारखा हुबेहूब नसतो. मोठेपणी बहिरेपण आलेल्या अनेकांना तो सुरुवातीला यांत्रिक वाटतो. पुढे मेंदू त्याला रुळतो.

दोन वेगळ्या तपासण्या

इम्प्लांटनंतर मशीनवरच्या तपासणीत बऱ्याच जणांना २० ते ३० डेसिबलचा हळू आवाजही कळतो. रिपोर्ट पाहून घरचे खूश होतात. पण ही तपासणी फक्त आवाजाची चाहूल मोजते. बोलणं किती समजतं हे पाहण्यासाठी शब्द आणि वाक्यं ऐकवून ती परत म्हणायला सांगतात, तेही ओठ न दाखवता.

सुटे शब्द जास्त अवघड जातात. 'कान', 'पान', 'तान' यांत फरक फक्त पहिल्या अक्षराचा. वाक्यात मात्र मागच्या-पुढच्या शब्दांचा आधार मिळतो. शांत खोलीत चांगलं समजणाऱ्या माणसालाही बाजारात, लग्नाच्या हॉलमध्ये किंवा गोंगाटाच्या वर्गात त्रास होतो. गाण्याची चाल ओळखणंही अनेकांना कठीण जातं.

कोणाला किती फायदा?

जन्मतः बहिऱ्या मुलांमध्ये वय सर्वांत महत्त्वाचं. मेंदूचा ऐकण्याचा भाग पहिल्या काही वर्षांत घडतो. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांचा मेंदू आवाजाला चांगला प्रतिसाद देतो, तर सात वर्षांनंतर ही संधी बरीच कमी होते. त्यामुळे 'पुढे बोलेल, घराण्यात सगळे उशिराच बोलतात' म्हणत थांबणं महागात पडतं. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असं वेळापत्रक तज्ज्ञ सांगतात. लहान बाळाची ओएई आणि बेरा तपासणी झोपेतही करता येते.

मोठ्यांचा हिशोब वेगळा. बोलायला शिकल्यानंतर ऐकणं गेलं असेल आणि मधला काळ कमी असेल, तर बोलणं लवकर समजू लागतं. बहुतेक सुधारणा पहिल्या वर्षात दिसते. मेंदूज्वरानंतर आलेल्या बहिरेपणात मात्र कॉक्लिआत हाड भरण्याचा धोका असतो. तिथे तातडीने डॉक्टरांना गाठावं.

घरात कोणती भाषा?

ऑपरेशननंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. मग मॅपिंग, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडचा विजेचा जोर जुळवणं, वारंवार करावं लागतं. सोबत स्पीच थेरपी असते. बेळगावात ती कन्नडमध्ये, वडोदऱ्यात गुजरातीत, इंदुरात हिंदीत मिळण्याची शक्यता जास्त. मग घरातली मराठी बंद करायची का, हा प्रश्न आई-बाबांना पडतो.

तज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला असा, की आई-बाबांनी त्यांना सर्वांत सहज येणाऱ्या भाषेत मुलाशी भरपूर बोलावं. भरपूर ऐकायला मिळालं तर इम्प्लांट असलेली मुलं दोन भाषाही शिकतात. मोडक्यातोडक्या परभाषेत मोजकं बोलण्यापेक्षा आजीची अस्सल मराठी मुलाच्या जास्त कामी येते. थेरपिस्टने दिलेला सराव घरी मराठीत कसा करायचा, ते त्यांनाच विचारून घ्यावं.

ऑपरेशनआधी विचारायचे प्रश्न

• श्रवणाची नस शाबूत आहे का? सीटी स्कॅन आणि एमआरआय काय सांगतात?
• चांगलं श्रवणयंत्र लावून पुरेसे दिवस पाहिलं का?
• मॅपिंग आणि थेरपी कुठे होईल? दर आठवड्याला तिथे जाणं जमेल का?
• बॅटरी, वायर, प्रोसेसर दुरुस्ती यांचा वर्षाचा खर्च किती?
• मेंदूज्वराच्या लसी कधी घ्यायच्या?

केंद्राच्या एडिप योजनेतून पात्र मुलांना इम्प्लांटसाठी मदत मिळते. मुंबईची अली यावर जंग संस्था या कामाशी जोडलेली आहे. अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडेही चौकशी करता येते. योजनांना वयाची आणि उत्पन्नाची अट असते, राज्याच्या योजनेला रहिवासी पुरावाही लागतो. म्हणून निदान होताच कागदपत्रांच्या कामाला लागावं.