मशालींचा माग

१९३०च्या दशकात न्यूरेंबर्गच्या मैदानावर नाझी मेळाव्यांत लाखोंचा जमाव एका तालात घोषणा देई. ही सारी हिटलरच्या प्रचारयंत्रणेची करामत, असे पुढे सर्रास म्हटले गेले. इतिहासकार जॉर्ज मोसे यांना ते पटले नाही. १९१८ साली बर्लिनमधल्या ज्यू वृत्तपत्रमालकांच्या घराण्यात ते जन्मले आणि १९३३ मध्ये, शाळकरी वयातच, त्यांना देश सोडावा लागला. पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात इतिहास शिकवताना त्यांनी या सोहळ्यांची पाळेमुळे खणली. १९७५चे ‘द नॅशनलायझेशन ऑफ द मासेस’ हे पुस्तक त्या शोधाचे फळ.

माग काढत मागे गेले की १९१३चे लाइपझिग लागते. नेपोलियनच्या पराभवाच्या शताब्दीला तिथे ९१ मीटर उंचीचे स्मारक उभे राहिले. त्याआधी १८७५ मध्ये, ३७ वर्षांच्या खटपटीनंतर, रोमनांना हरवणाऱ्या हर्मानचा पुतळा जंगलातल्या टेकडीवर चढला. आणखी मागे, १८११ मध्ये, बर्लिनबाहेरच्या मोकळ्या मैदानात फ्रीडरिश यान तरुणांना कसरती शिकवत होते. शरीर कमवायचे ते राष्ट्रासाठी.

या वाटेवर १८१७ची वार्टबुर्ग किल्ल्यावरची रात्र थांबून पाहावी अशी आहे. सुमारे पाचशे विद्यार्थी तिथे जमले. त्यांना एकसंध, स्वतंत्र जर्मनी हवा होता. स्तोत्रे झाली, मशाली निघाल्या. मग काहींनी रद्दीच्या गठ्ठ्यांवर नावडत्या पुस्तकांची नावे लिहून ते जाळले. सरदारी फौजांची खूण म्हणून शिपायांना बडवायची काठीही आगीत गेली. जाळलेल्या नावांत झाउल आशर या ज्यू लेखकाचे पुस्तकही होते. राष्ट्रवादाच्या अतिरेकावर त्यांनी टीका केली होती. स्वातंत्र्याची आस आणि परक्याचा द्वेष एकाच जाळात पेटले होते.

प्रार्थना, मिरवणूक, ज्योत हे सारे चर्चमधून राजकारणात आले, असे मोसे दाखवतात. संसदेतल्या वादात सामान्य माणसाला आपला आवाज सापडत नव्हता. सोहळ्यात मात्र त्याला आपणच राष्ट्र आहोत असे वाटे. नाझींच्या हाती ही शंभर वर्षांची सवय आयती आली.

ज्यांनी आपले घर हिरावले त्यांच्या अनुयायांना भुललेले मूर्ख ठरवणे मोसेंना सोपे होते. पण त्यांनी त्या माणसांची ओढ आतून समजून घेतली, आणि म्हणूनच त्यांचा इशारा खरा वाटतो: लोकशाहीला माणसांची आपलेपणाची भूक भागवता आली नाही, तर ती भागवायला दुसरे कोणीतरी पुढे येते.