कॉव्हेंट्रीची हिरवळ आणि खासबागेची माती

मोठ्या क्रीडास्पर्धा आणि पर्यावरण हा विषय निघाला की आपल्याला लंडन किंवा दिल्ली आठवते. परंतु या विषयाचा एक बोलका धडा आपल्या कॉव्हेंट्रीतच आहे.

फोलशिल भागात पूर्वी गॅसचा कारखाना होता. दगडी कोळशापासून गॅस काढताना डांबर व इतर घातक अवशेष जमिनीत मुरतात. अशा जागेवर २००५ साली आपले स्टेडियम उभे राहिले. शेतजमीन न घेता कारखान्याची जुनी जागा वापरली, ही जमेची बाजू. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील फुटबॉलचे १२ सामने येथे झाले. महिलांचा कांस्यपदकाचा सामनाही इथलाच. मात्र स्टेडियमला लागून रेल्वे स्टेशन झाले ते २०१६ साली, म्हणजे वरात निघून गेल्यावर घोडे! अशा स्पर्धांच्या प्रदूषणात प्रेक्षकांच्या प्रवासाचा वाटा मोठा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या उशिराची किंमत कळते.

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत धोरण सुज्ञ होते. शक्यतो नवे बांधायचे नाही, असलेलेच वापरायचे. म्हणून कुस्ती, ज्युदो आणि रग्बी सेव्हन्स कॉव्हेंट्रीला आले. येथेच भारताच्या बाराही मल्लांनी पदके मिळवली, त्यांपैकी सहा सुवर्ण. कुस्तीची मॅट गुंडाळून नेता आली. हिरवळीचे तसे नव्हते. २९ ते ३१ जुलै या तीन दिवसांत त्याच गवतावर रग्बीचे साठाच्या आसपास सामने झाले आणि मैदान खेळण्यालायक उरले नाही. कॉव्हेंट्री सिटीचा ७ ऑगस्टचा घरचा सामना पुढे ढकलावा लागला, त्यामागून आणखी काही, आणि लीग कपचा सामना थेट बर्टनला हलवावा लागला. मेजवानी पाहुण्यांची झाली, उपास घरच्यांना घडला.

मी पेशाने इंजिनियर. आमच्याकडे कोणत्याही वस्तूची भारक्षमता आधी मोजतात. गवताची मुळे ही सुद्धा यंत्रणाच आहे. दोन सामन्यांमध्ये तिला सावरायला वेळ लागतो. 'नवे काही बांधले नाही' एवढ्यावर हिशेब पुरा होत नाही. जुन्याची झीज कोणी भरून द्यायची, हेही त्यात लिहिले पाहिजे.

या बाबतीत कोल्हापूरचे उदाहरण घेण्यासारखे आहे. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली, खासबागेचे कुस्ती मैदान तयार झाले. शतक उलटले तरी तेथे कुस्त्या होतात. आखाड्याच्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद घालून ती खणायची, मळायची, ही मल्लविद्येतली जुनी रीत. माती ही वापरायची वस्तू नसून जोपासायची गोष्ट आहे, हे त्या पहिलवानांना कोणी अहवाल लिहून सांगितले नव्हते.

यापुढे आपल्या गावात एखादी मोठी स्पर्धा येणार असे ऐकले, तर तिकिटाची चौकशी जरूर करावी. पण पाहुणे गेल्यावर मैदानाची निगा कोण राखणार आणि त्याचा खर्च कोणाच्या खाती पडणार, हा प्रश्नही कौन्सिलच्या सभेत आपण विचारावा. कर भरणारे नागरिक म्हणून तो आपला हक्कच आहे.