तारापूरचें हरपलेलें मंदिर



धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त मागें वळून पाहतांना आमची दृष्टि प्रथम बोईसरच्या पश्चिमेस, तारापूरच्या किल्ल्याकडे जाते. त्या लहानशा गांवीं पोर्तुगीज अमदानींत डोमिनिकन संघाच्या धर्मगुरूंचा मठ होता.

१५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई पोर्तुगीजांस दिली. पुढें तिच्या उत्तरेस केळवें, माहीम, तारापूर अशीं ठाणीं वसलीं व त्यांच्या आश्रयानें मंदिरेंहि उभीं राहिलीं. त्या राजाश्रयाबरोबर परधर्मीयांवर जुलूमहि झाला, हें सत्य आपण झांकूं नये.

जानेवारी १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या फौजेनें माहीम, केळवें घेऊन तारापूरहि काबीज केलें. लढाई निकराची झाली. बाजी भिवराव रेठरेकर हे नामांकित मराठे सरदार तेथेंच पडले. मे महिन्यांत वसईहि गेली. ख्रिस्तमंदिरांच्या कित्येक घंटा विजयचिन्हें म्हणून घाटावर नेण्यांत आल्या. वाईजवळील मेणवलीची व नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्यांपैकींच होत.

तारापूरचा मठ पुन्हा वसला नाहीं. वसईच्या ख्रिस्तजनांचा धर्म मात्र टिकला. असें कां व्हावें? शरणागतीच्या अटींत मागें राहणाऱ्यांस धर्मपालनाची मोकळीक होती, हें एक कारण. परंतु मुख्य कारण, आमच्या मतें, निराळें आहे. युरोपीय धर्मगुरु गेल्यावर देशी धर्मगुरूंनीं कळप राखिला. शेतकऱ्यांनीं व कोळ्यांनीं आपल्या घरीं, आपल्या बोलींत प्रार्थना चालू ठेविली. जो धर्म तटाच्या आधारानें उभा होता तो तटाबरोबर ढांसळला. जो चुलीजवळ बसला होता तो राहिला.

पुढें १९६९ सालीं तारापूरचें अणुवीज केंद्र सुरू झालें, बोईसरीं कारखाने निघाले, आणि उदरनिर्वाहासाठीं दूरदूरचीं कुटुंबें आलीं. त्यांत ख्रिस्तजनहि होते. १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आजच्या या कळपामागें कोणाची तोफ नाहीं, कोणाचें फर्मान नाहीं. कामाच्या पाळीवरून थकून आलेले आईबाप मुलांना क्रूसाची खूण शिकवितात, एवढाच याचा पाया.

म्हणून ज्युबिलीच्या वर्षीं मंदिराच्या रंगरंगोटीबरोबरच आपल्या घरची सायंकाळची जपमाळ चालू आहे कीं नाहीं, हेंहि प्रत्येकानें पाहावें. तारापूरच्या पडक्या तटानें आपणांस दिलेला धडा हाच आहे.